मिस्त्रीची दाढी

सुतार पेन्सिल कानावर ठेवतो, हे तुम्ही-आम्ही पाहिलेलं आहे. हा गृहस्थ ती दाढीत खोवायचा. तांबडी, दाट, छातीपर्यंत आलेली दाढी. माप घेतलं, खूण केली, की पेन्सिल दाढीत. मग टेबलाखाली, खोक्यात, माझ्या खिशात, सगळीकडे ती शोधायची, आणि आम्ही कुणी त्याला सांगायचं नाही.

रियाधच्या एका इस्पितळाच्या देखभाल खात्यात तो सुतार होता आणि मी इलेक्ट्रिशियन. शेड एक, चहाची किटली एक. होता आयर्लंडचा, म्हणजे आमच्या लेखी गोराच. पण गोऱ्यांच्या टेबलावर तो क्वचित बसायचा. मी त्याला मिस्त्री म्हणायचो. शब्दाचा अर्थ कळल्यावर तो त्याला फार आवडला आणि त्यानेही मला ‘भाई’ म्हणायला सुरुवात केली. त्याचं इंग्रजी मला अर्धं कळायचं, माझं त्याला पाव. तेवढ्यावर आमचं छान भागलं.

दार बसवून झालं की दोनदा उघडमीट करून बघायचा आणि म्हणायचा, “आजच्यापुरतं खलास.” कामाला तो कंटाळला नव्हता, परमुलखाला कंटाळला होता. मिसरूड फुटायच्या आत घर सोडलेलं. आधी लंडन, मग कुठलीकुठली बंदरं, मग हे वाळवंट.

“आमच्या गावात माणसं दोनच कामं करतात,” तो सांगायचा. “जातात, नाहीतर जाणाऱ्यांना निरोप देतात.”

“मिस्त्री, हे तू माझ्या गुहागरचं सांगतोयस,” मी म्हणायचो.

तो व्हायोलिन वाजवायचा; त्याच्या भाषेत फिडल. शुक्रवारी मला क्वार्टरवर जेवायला बोलवायचा. शेजाऱ्याला गाणंबजावणं चालत नसे, म्हणून खिडक्या लावून, एसी मोठा करून वाजवायचा. त्याच्या चाली सुरू व्हायच्या नाचाच्या, पण ऐकता ऐकता मला उगाच घराची आठवण यायची. तेवढ्यात त्याची लहानगी मुलगी मांडीवर चढायची आणि दाढीत मूठ घालून झोपून जायची. मग फिडल बंद. मूठ सोडवली की ती जागी होई.

“हिला बाप नको, दाढी तेवढी ठेवून जा म्हणते,” तिची आई हसून सांगायची.

मला ते बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे. माझा मुलगा तिच्याच वयाचा होता, गावी.

मग इराकने कुवेत घेतलं आणि सगळ्यांची झोप उडाली. विषारी वायूच्या अफवा पसरल्या. इस्पितळाने गोऱ्यांना मास्क वाटले. आम्हाला सांगितलं, ओलं फडकं तोंडावर धरा. मिस्त्रीने मास्क चढवला तर सुरक्षा अधिकाऱ्याने मान हलवली. दाढीवर रबर घट्ट बसत नाही, बाजूने हवा शिरते. दाढी काढावी लागेल. आमच्या कॅम्पातल्या श्रीवर्धनच्या चाचांनाही हेच ऐकावं लागलं असतं, पण त्यांना मास्कच मिळाला नव्हता. त्यामुळे त्यांची दाढी वाचली.

बायकोने हट्ट धरला आणि मिस्त्रीने दाढी उतरवली. आत एक लहानशी, पांढरीफटक हनुवटी निघाली. आम्ही दोन दिवस हसलो. घरी मात्र कुणी हसलं नाही. पोर त्याला बघून किंचाळली आणि आईच्या मागे लपली. आवाज बाबांचा, माणूस परका. तो फिडल घेऊन बसला तर ती आतल्या खोलीत निघून गेली.

लगेचच बायकामुलांना मायदेशी पाठवायचं ठरलं. पुरुषांनी कामावर राहायचं होतं. इस्पितळाच्या फाटकातून त्यांची बस सुटली तेव्हा मीही होतो. पोरीने मला हात हलवला. त्याला नाही.

“तिला भीती वाटते, भाई,” तो म्हणाला. “युद्धाची नाही. माझी.”

दुसऱ्या दिवसापासून त्याने वस्तरा बंद केला. सुरक्षा अधिकारी चिडला, लेखी ताकीद दिली. फोनवर पोर विचारायची, दाढीवाले बाबा कधी येणार, आणि हा गालावरून हात फिरवत म्हणायचा, येतायत, वाढतायत. खुंट जरा वाढल्यावर त्याने मास्क माझ्या हातात ठेवला.

“मला आता बसत नाही. तू ठेव. तुलाही पोर आहे.”

मी नको म्हटलं, रागावलो, मूर्ख म्हणालो. त्याने ऐकलं नाही. युद्ध सुरू झालं. हल्ल्याचा भोंगा झाला की आम्ही तळघरात जायचो. मी त्याचा मास्क लावून बसायचो आणि तो माझं ओलं फडकं धरून. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि तरीही मी तो मास्क काढला नाही. वायू काही आला नाही. आम्ही नुसते थकत गेलो.

युद्ध संपलं, तरी रजेच्या कागदावर कफीलची, म्हणजे तिथल्या अरब मालकाची, सही व्हायला उन्हाळा उजाडला. तोवर दाढी पुन्हा छातीकडे निघाली होती. पण तांबडी नव्हे, पांढरी. एका हिवाळ्यात माणूस म्हातारा झाला होता.

निघायच्या दिवशी तो शेडमध्ये आला. नवा शर्ट, हातात फिडलची पेटी.

“ती मला ओळखेल का, भाई? खरं सांग. तुम्हा लोकांना यातलं कळतं.”

कळतं हे खरंच. आमच्या कोकणात घरोघरी असा एक बाप येतो, ज्याच्याकडे पोर पाहुण्यासारखं बघतं.

“गेल्या गेल्या हाक मारू नकोस,” मी म्हटलं. “हात पुढे करू नकोस. खाऊही दाखवू नकोस. खाली बस आणि हातात काहीतरी घे. फिडल घे. तिच्याकडे बघू नकोस.”

“आणि मग?”

“मग ती आपण होऊन येते.”

“किती वेळाने?”

“संध्याकाळपर्यंत,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. पेटी काखेत मारून तो गाडीत बसला. परत आला नाही. आयर्लंडातच राहिला असावा. त्याच्या जागी दुसरा सुतार आला, तो पेन्सिल कानावर ठेवायचा.

त्याआधीच्या खेपेला गावी गेलो तेव्हा मीही रजाभर असाच ओटीवर खाली बसून होतो, जाळं विणत. माझा मुलगा माझ्या मांडीवर येऊन बसला तेव्हा मला मुंबईला नेणारी गाडी दारात उभी होती.