वाढत्या अंगाचा फ्रॉक

लहानपणी माझा एकही फ्रॉक मला कधी नीट बसला नाही. हे मी तक्रार म्हणून सांगतेय, आणि तक्रार जुनी असली तरी अजून शिळी झालेली नाही. खांदे उतरून दंडावर यायचे, कंबर माझ्या कमरेच्या खाली कुठेतरी लोंबायची, आणि घेराच्या आत चांगली चार बोटांची दुमड घातलेली असायची, पुढच्या वर्षी उसवून लांब करायला. दुकानात असो की शिवणाऱ्या बाईकडे, आईचं एकच मागणं असायचं, वाढत्या अंगाचा हवा. भाईंदर पूर्वेला, नवघरच्या आमच्या चाळीत सगळ्याच पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे असत, त्यात नवल काही नव्हतं. पण बाकीच्या मुली दीड-दोन वर्षांत आपापल्या फ्रॉकला गाठायच्या. मग तो घट्ट व्हायचा आणि धाकट्या बहिणीकडे जायचा. मी मात्र जेवून-खाऊन, उंच होऊन, शाळेच्या कवायतीत मागच्या रांगेत जाऊनसुद्धा माझ्या फ्रॉकला कधी पुरी पडले नाही.

असं का होतंय ते मला नववीत कळलं, आणि कळल्यावर गोंधळ आणखीच वाढला. आमचे फ्रॉक शिवायची ती बाई मूळची उत्तनची, लग्न होऊन भाईंदर पश्चिमेला आलेली. तिची मुलगी माझ्याच वर्गात, माझी जिवाभावाची मैत्रीण. मी तिच्या आईला मावशी म्हणायचे. मावशीने माझ्या अंगाला टेप कधी लावलीच नाही. आई माझा जुना फ्रॉक वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायची, मापाला म्हणून, आणि सांगायची, याच्या मापाचा शिवा आणि सगळीकडून दोन बोटं सोडा. आता हा मापाचा फ्रॉकही त्याच्या आधीच्या फ्रॉकवरून दोन बोटं सोडूनच शिवलेला. त्याच्या आधीचाही तसाच. म्हणजे वाढत होता तो फ्रॉक. माझा त्यात काही संबंधच उरला नव्हता. हे मी आईला अगदी हिशेब मांडून समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच फ्रॉक कागदात गुंडाळला.

बरं, तिला शिवणातलं कळत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. स्वतःच्या ब्लाउजच्या बाबतीत आई महाकिरकिरी होती. मुंढ्यात एवढीशी चुणी आली तरी मावशीला सगळी बाही उसवायला लावायची. चाळीतल्या बायका नवीन ब्लाउज घेऊन आधी तिला दाखवायला यायच्या. पाठीकडून एक नजर टाकून ती सांगायची, डावा खांदा चढलाय. अशी बाई पोटच्या पोरीला पोत्यात का घालते, हे मला काही केल्या समजेना. मी सावत्र आहे की काय, हाही विचार करून झाला. पण माझं नाक हुबेहूब तिचंच होतं, त्यामुळे तोही टिकला नाही.

दहावीच्या वर्षी स्टेशनजवळच्या कपड्यांच्या दुकानात मुंबईहून रेडिमेड फ्रॉक यायला लागले. ते म्हणे जुन्या फॅशनचे होते. आमच्या आया लहान असताना फोर्टात मडमा घालायच्या तसे, आवळ कंबर, खाली छत्रीसारखा फुललेला घेर, गोल कॉलर, रंगीत कापडावर पांढरे ठिपके. दुकानदार गुजराती होता आणि गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलायचा. पुराना स्टाइल, नया माल, असं तो येणाऱ्या प्रत्येकीला सांगायचा. जुनं ते नवं कसं, हे मला कळत नव्हतं. आमच्या घरी जुनं ते जुनंच असायचं आणि त्याची पायपुसणी व्हायची.

त्या फ्रॉकांच्या मानेशी कंपनीचं चित्र शिवलेलं असे. आम्ही त्यांना त्या चित्रांवरूनच ओळखायचो. एक चांदणी, एक बदक आणि एक छत्री. दुकानात गर्दी नसली की तो मागच्या पडद्याआड घालून बघू द्यायचा. मैत्रीण खरं गिऱ्हाईक होती, मी तिच्याबरोबर आत घुसायचे. चांदणीचा फ्रॉक खांद्यात इतका आवळ होता की हात वर केला की कंबर बगलेत यायची. बदकाचं कापड झकास, पण गळा असा की सारखा धरून उभं राहावं लागे. दोन्हींवर नंबर बत्तीसच होता आणि दोन्ही बत्तीस एकमेकांना ओळख दाखवत नव्हते. दुकानदाराने विचारलं, आपका नंबर क्या है. मैत्रिणीने पटकन सांगितलं. मला सांगता येईना. स्वतःचं नाव विचारावं आणि आठवू नये, तशी मी उभी राहिले.

छत्रीचा एकच फ्रॉक आला होता, निळा. तो मावशीने मुलीसाठी नाताळला घेतला. घरात मशीन असून तिने रेडिमेड घेतला, याचं मला आश्चर्य वाटलं. मावशी म्हणाली की कंपनीवाले कोणाच्या अंगाचं कापत न्हाय, पन पोरीचा हट्ट हाय. आणि झालंही तसंच. तो मैत्रिणीला कमरेत होईना. एके दुपारी तिच्या घरी तिने तो माझ्या डोक्यातून घातला आणि मागची चेन वर ओढली.

त्यांच्याकडे आरशाचं कपाट होतं. आमच्या घरी बाबांचा दाढीचा आरसा, त्यात एका वेळी एक गाल दिसायचा. मी त्या कपाटासमोर उभी राहिले आणि समोरच्या मुलीला ओळखलंच नाही. तिला खांदे होते. कंबर होती, आणि ती जिथे असायला हवी तिथेच होती. मला फार आनंद झाला आणि त्याच क्षणी खूप लाजही वाटली. ही मुलगी इतकी वर्षं कुठे होती आणि मला कोणी सांगितलं का नाही, असंच काहीतरी डोक्यात आलं.

तेवढ्यात आई स्वतःचा ब्लाउज न्यायला तिथे आली. मला बघून दारातच थांबली. मी हसून गिरकी घेतली, घेर छान फुलला. वाटलं होतं, ती पाठीकडून नजर टाकेल आणि म्हणेल, बसलाय. तिचा चेहरा मात्र उतरला. रागावली असती तर मला समजलं असतं, राग मला ओळखीचा होता. ती घाबरली होती. माझ्याच आईला माझीच भीती वाटावी असं मी काय केलं होतं? काढ तो, म्हणाली, आणि ब्लाउज न बघताच पिशवीत टाकला. परत येताना रेल्वेचं फाटक ओलांडेपर्यंत तिने माझा हात गच्च धरून ठेवला होता. हात धरून चालायचं माझं वय केव्हाच संपलं होतं.

मे महिन्यात आत्या रत्नागिरीहून येणार होती. बाबांची ही थोरली बहीण, बाबा तिला आक्का म्हणत. आई-वडिलांमागे तिनेच बाबांना वाढवलेलं, त्यामुळे तिचा शब्द आमच्या घरी शेवटचा. आमच्या नात्यातल्या बऱ्याच मुलींची लग्नं तिनेच जमवली होती. ती यायची, मुलगी बघायची, परत जायची आणि मग पत्र यायचं. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. माझी दहावी झाली होती. एक वर्ष मिळालं असतं तर मी मॅट्रिक झाले असते, टायपिंग शिकले असते, कुठल्यातरी ऑफिसात खुर्चीवर बसले असते. त्या वर्षाशिवाय मला दुसरं काही नको होतं. पण आत्याने मनात आणलं तर ते वर्ष गेलंच, आणि बाबा तिच्यापुढे तोंड उघडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी डोकं चालवलं. माझ्या मते सगळा दोष फ्रॉकाचा होता. अशा ध्यानाचं कोण ऐकून घेणार? आत्यासमोर नीटनेटकं, मोठ्या मुलीसारखं जायचं, आणि मला शिकायचंय हे स्पष्ट सांगायचं. मोठी दिसले की माझं म्हणणंही मोठ्या माणसाचं म्हणून ऐकलं जाईल. मी छत्रीचा फ्रॉक मैत्रिणीकडून मागून आणला आणि पांघरुणांच्या घडीत लपवला.

आत्या सकाळीच आली. चहा पिऊन बाबांशी बोलत बाहेरच्या खोलीत बसली. मी आतल्या खोलीत तो फ्रॉक काढला, तर आई मागे उभी. तिने तो माझ्या हातातून घेतला. तिच्या दुसऱ्या हातात एक नवा फ्रॉक होता, मावशीकडून मला न सांगता शिवून आणलेला. बाहुल्यांच्या छापाचा, छातीवर मोठी झालर, आणि आजवरच्या सगळ्या फ्रॉकांपेक्षा ढगळ. दहा वर्षांच्या पोरीला शोभला असता. मी म्हटलं, हा मी मेले तरी घालणार नाही. माझा आवाज चढला तशी आईने हाताने माझं तोंड दाबलं.

"मॅट्रिक व्हायचंय ना तुला?" ती कानाशी म्हणाली. "मग हा घाल. आणि बाहेर गेलीस की बोलू नकोस."

मला काहीही कळलं नाही. मॅट्रिकचा आणि बाहुल्यांच्या छापाचा संबंध काय? पण आईचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. मी रडत रडत तो फ्रॉक घातला. तिने माझ्या दोन वेण्या घट्ट वर बांधल्या, रिबिनी लावल्या, आणि मला बाहेर ढकललं.

आत्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रडून माझं नाक लाल झालं होतं. का रडतेय म्हणून तिने विचारलं, तर आई म्हणाली की कैरी दिली नाही म्हणून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्याने माझा दंड चाचपला, झालर उचलून बघितली, आणि बाबांकडे वळून म्हणाली, "हिच्या अंगावर अजून काय नाय रे. स्थळ चांगलं होतं, पण ही शेंबडी पोर कोणाला दाखवू?" बाबा मान हलवत राहिले. आई म्हणाली की खातच नाही हो काही. जेवताना मी तिसरी पोळी मागितली, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी हात धुतले.

आत्या चार-पाच दिवस राहून परत गेली. ते स्थळ तिने दुसऱ्या भाचीला दिलं. ती माझ्याच वयाची होती आणि तिला झंपर छान बसायचं. पुढच्या वर्षी तिचा पहिला मुलगा झाला त्याच सुमारास माझा मॅट्रिकचा निकाल लागला. मी पास झाले होते. बाबांनी पेढे वाटले. तरीही त्या सकाळबद्दल मी आईशी अढी धरूनच होते. तिने मला चारचौघांत बावळट केलं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. वर्षभरात मधूनमधून वाटायचं, की काहीतरी वेगळं आहे, आपल्याला दिसतंय पण नीट दिसत नाहीये. मग ढगळ बाही पुन्हा दंडावर उतरायची आणि राग परत यायचा.

निकालानंतर आई मला मावशीकडे घेऊन गेली. या वेळी तिच्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी नव्हती. मावशी सवयीने म्हणाली, "वयनी, मापाचा फ्रॉक कुठं हाय?"

"नको," आई म्हणाली. "अंगावर माप घ्या. त्या निळ्या फ्रॉकासारखा शिवा, आवळ कमरेचा. बोटं सोडू नका."

मी चकित होऊन बघत राहिले. नोकरीला लागल्यावर साडीच नेसायची होती, मग आता फ्रॉक कशाला, असं मी विचारलं. साड्या पुढे जन्मभर आहेत, आई म्हणाली, हा एक अंगाबरोबर होऊ दे. मावशीने टेप माझ्या खांद्यांवर ठेवली, मग पाठीवर, मग कमरेभोवती. टेप गार होती आणि मी उगाच श्वास धरून उभी होते. मावशी माझा नंबर मोठ्याने बोलली. मला तो परका वाटला.

फ्रॉक शिवून झाला तेव्हा त्या कपाटाच्या आरशासमोर आईने माझ्या मागे उभं राहून पाठीची शिवण हाताने सपाट केली. एकही चुणी नव्हती. मी विचारलं, तुला एवढं येतं, तर इतकी वर्षं मला असा का नाही शिवलास?

ती माझ्या खांद्यावरचा नसलेला दोरा काढत राहिली.

"मी चौथीत होते," ती म्हणाली. "आमच्याकडे पाहुणे यायचे होते म्हणून आईनं मला पहिल्यांदा मापाचं झंपर शिवलं. फार छान बसलं होतं गं. सगळे तेच म्हणाले."

आईने चौथीनंतर शाळा पाहिली नव्हती, हे मला माहीत होतं. लग्न झालं तेव्हा ती केवढी होती, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. आरशात मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या कमरेकडे बघत होती, आणि बसलाय, असं म्हणाली.