दादाने पाठ केलेला तक्ता

ज्या प्रश्नापुढे मोठमोठे शास्त्री थबकतात, तो प्रश्न बस आगाराच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या एका अरुंद खोलीत बसणाऱ्या बाईला पडला होता. बाई चालकांची नजर तपासत असे. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वर तळहाताएवढे अक्षर, तळाला मुंगीएवढे. खालून दुसरी ओळ नीट वाचली तर चालक पात्र, अडखळला तर अपात्र. तिच्या एका सहीने माणूस चाकामागे बसे, नाहीतर घरी बसे.

चर्चच्या मंडळीत तिला सारे शंकाताई म्हणत. प्रवचन संपून पाळकांनी पाण्याचा पेला उचलावा आणि हिचा हात वर जावा, हे ठरलेले.

‘‘पाळकसाहेब, देव प्रीती आहे म्हणता. न्यायाचा दिवस येणार, असंही म्हणता. मग त्या दिवशी प्रीती कुठे जाऊन बसते? बाहेरच्या बाकावर?’’

मंडळी खळखळून हसली. पाळकही हसले. ‘‘शंकाताई, तुम्ही मला सुखाने निवृत्त होऊ देणार नाही. प्रीती आणि न्याय एकाच वधस्तंभावर भेटले, एवढं मला ठाऊक आहे.’’

‘‘भेटले हे कळलं हो. पण भेटून एकमेकांना म्हणाले काय?’’

वाचकहो, ही जिज्ञासा पोथीतून उगवलेली नव्हती. तिचे मूळ वर्षापूर्वीच्या एका सहीत होते. शंकाताईचा थोरला भाऊ त्याच आगारात चालक. आईबाप लवकर गेले. दादानेच हिला वाढवले, शिकवले. नजर तपासण्याच्या परीक्षेची तयारी चालली होती तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराला असलाच तक्ता टांगून दादा रोज रुग्ण होऊन खुर्चीत बसे. तिने ओळीवर पट्टी ठेवायची, त्याने वाचायचे. बहीण उत्तीर्ण झाली आणि भावाला तक्ता मुखोद्गत झाला!

गेल्या वर्षीच्या तपासणीत तिची पट्टी शेवटच्या ओळीवर टेकण्याआधीच दादाने ती ओळ म्हणून टाकली होती. दादा वाचत नाही, पाठ म्हणतोय, हे तिला उमगले. हात थांबला. पण ज्याने आपल्या तोंडी घास घातला त्याच्या पोटावर पाय द्यायचा कसा? तिने ‘पात्र’ लिहिले आणि त्याला माया हे नाव दिले. कसली माया? त्या दिवसापासून तिला झोप गोड लागेना. दादाची बस साठ माणसे घेऊन निघे आणि हिचा जीव टांगणीला लागे. ‘जी माया खरे बोलायला भिते, तिला माया म्हणावे का?’ हाच प्रश्न ती देवाच्या नावावर पाळकांना विचारत होती.

वर्ष सरले. पुन्हा दादाची पाळी आली. आदल्या संध्याकाळी तिने जुना तक्ता गुंडाळून कपाटात ठेवला आणि रीतसर मागवलेला नवा, वेगळ्या अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावला.

दादा आला. टोपी मांडीवर ठेवून बसला.

‘‘कर बाई लवकर. गाडी लागलीय.’’

‘‘वाच.’’

‘‘ग, र, ल, म, प,’’ दादाने सुरुवात केली. खणखणीत, न अडखळता. ओळीमागून ओळ. कपाटात गुंडाळून पडलेला तक्ता त्याने तळापर्यंत अचूक वाचला. भिंतीवर त्यातली एकही ओळ नव्हती.

‘‘झालं?’’

शंकाताईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ‘‘दादा, तक्ता बदललाय रे.’’

दादाने आता कुठे तक्त्याकडे नीट पाहिले, डोळे बारीक केले, मान पुढे काढली. मोठ्या तीन ओळींखाली त्याला नुसते धुके दिसले.

‘‘म्हणजे सापळा लावलास! मी तुला बोट धरून चालवलं, आणि तू...’’

‘‘डोळ्यांत मोतीबिंदू दिसतोय. काढता येतो. तोवर गाडी नाही.’’ तिने ‘अपात्र’ लिहिले.

‘‘मोठी आली न्याय करणारी!’’ टोपी उचलून दादा निघून गेला.

आता नवल पाहा. लिहिणारा हात तिचाच आणि रडणारे डोळेही तिचेच. न्याय करायला एक बाई आणि प्रेम करायला दुसरी, असे काही घडले नव्हते. उलट, गेल्या वर्षीच प्रेम खोलीबाहेर बसले होते. या वर्षी ते आत आले होते. पण एवढ्याने तिचे समाधान होईना. निकाल देणारी खुर्चीत सुरक्षित आणि ऐकणारा एकटा रस्त्यावर, हे कसले प्रेम? ती उठली, थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, ‘‘गेल्या वर्षीची सही खोटी होती. शिक्षा मलाही हवी.’’

डॉक्टरांनी तिला सहा महिने तपासणीच्या कामावरून उतरवले.

इथे उपमा लंगडते, हे मान्य करू. आपला प्रभू निर्दोष असून दोषींच्या रांगेत उभा राहिला. ही तर दोषीच होती. तरी न्यायासनावरून उतरून अपराध्याच्या शेजारी येण्याची ती वाट, तिला त्या दिवशी पायांखाली लागली.

दादाने आठवडाभर दार उघडले नाही. ती रोज सकाळी पायरीवर येऊन बसे. आठव्या दिवशी दार किलकिले झाले. तिच्या शिक्षेची बातमी आगारातून पोहोचली होती.

‘‘वेडे, तुला कोणी विचारलं होतं का? गप्प बसायचं होतंस!’’

‘‘वर्षभर बसले होते की.’’

‘‘मग आता कामधंदा काय?’’

‘‘तुला दवाखान्यात नेणं.’’

दादा चपला शोधू लागला. त्या दिसेनात, म्हणून तिनेच पुढे सरकवल्या.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर दादा तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत राहिला. ‘‘केस पिकले की गं तुझे! कधी?’’ आणि थोड्या वेळाने, चौकशीच्या सुरात, ‘‘ए शंकाताई, त्या दिवशी निकाल देताना तू रडत होतीस. तो वरचाही रडत असेल का गं?’’

‘‘मला काय ठाऊक? रविवारी पाळकांना विचारू. या खेपेला हात तू वर कर.’’ तिने औषधाच्या बाटलीचे झाकण काढले. ‘‘आता वर बघ. थेंब घालायचेत.’’

दादाने वर पाहिले.