तुजा काय अडलां?

परबकाका कॉम्प्युटर बघायला घरी आले की आधी कॉम्प्युटरला हातच लावत नसत. ज्याचा असेल त्याला समोर बसवायचे, रोज करता तेच करा म्हणायचे आणि मागे स्टूल ओढून बघत राहायचे. मध्ये चहा आला तर बशीत ओतून प्यायचे, पण नजर त्या माणसाच्या बोटांवर.

मुलुंडला आमच्या सोसायटीसमोर त्यांचं दुकान होतं. त्यांचे वडील गिरणीत होते, गाव कणकवलीकडचं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर दुरुस्त करत त्यांचं आयुष्य गेलं. कोणी नवी सिस्टीम टाकून मागितली की म्हणत, "मशीन जुनां झालां तर होवंदे. तुजा काय अडलां, तां सांग." बहुतेकांचं काहीच अडलेलं नसे.

अशानं धंदा कसा चालणार, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी तावड्यांची गोष्ट सांगितली. तावडे गिरणीतून निवृत्त झालेले. दशावतारासाठी आख्यानं लिहायचे. परबांनी घाईत त्यांना नवी सिस्टीम टाकून दिली. आख्यानं भलत्याच ठिकाणी साठवलेली होती, ती पुसली गेली. पुढे वर्षभर दर रविवारी परब त्यांच्या घरी गेले. तावडे आठवून सांगत, हे टाइप करत. "तेंका आठावला तितक्याच परत इला," ते म्हणाले.

मग आमच्या घरी तीच वेळ आली. जुन्या सिस्टीमला आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, अशी सूचना आईच्या पडद्यावर येऊ लागली. आई निवृत्त शिक्षिका, सोसायटीची सेक्रेटरी. मी म्हणत होतो, आजच बदलू. ती म्हणत होती, माझ्यानं पुन्हा शिकणं होणार नाही. परबकाका दुपारभर तिच्या मागे बसले. ती पेन्शनचं खातं त्याच कॉम्प्युटरवर उघडते हे पाहिल्यावर म्हणाले, "वयनी, आता मात्र बदलूक व्हया."

दोन दिवस ते तिला विचारत बसले, काय कुठे ठेवलंय. सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं, तिच्याकडून एकेक फाइल उघडून घेतली, मगच नवी सिस्टीम टाकली. जुन्या पडद्यावर जे चित्र जिथे होतं, ते नव्यावरही तिथेच मांडलं. तरी आई पहिल्याच दिवशी रडकुंडीला आली. तेव्हा ते म्हणाले, "इसारलात तरी चलतला. मी शनवारी येतंय."

तीन शनिवार ते आले. तिसऱ्या खेपेलाही आई प्रिंट कसं काढायचं ते विसरली आणि त्यांनी ते पहिल्यांदाच सांगावं तसं सांगितलं.

चौथ्या शनिवारी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. पहाटे झोपेतच गेले होते.

 आई आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. मी मदतीला उठलो, तर हातानंच मला थांबवलं. अर्ध्या तासानं ती छापलेला कागद घेऊन बाहेर आली आणि चपला घालून खाली सोसायटीच्या फलकाकडे गेली. कागदावर परबकाकांचं पूर्ण नाव होतं, खाली अंत्ययात्रेची वेळ. एकही चूक नव्हती.