केरबाची अळंबी आणि माझे पाय

केरबा गेल्याचं मला न्हाव्याच्या दुकानात कळलं. अर्धी दाढी झाली होती. न्हावी म्हणाला, तुमचा मैतर पहाटे गेला की... आणि पहिलं मनात आलं ते हे, की निरोप आधी याला, मग मला. वाईट वाटलं ते मागून. महिना झाला त्याला, आता खोटं कशाला लिहू. जन्माची दोस्ती, आणि त्यातली निम्मी मी त्याच्यावर जळण्यात घालवली.

आम्ही वाईच्या पश्चिमेचे, भातवाले. लढाई लागली तसा तो पलटणीत भरती झाला. मी दोन बोटं उंचीला कमी पडलो, म्हणून परत आलो. लढाई संपल्यावर तो ब्रह्मदेशातून आला, तेव्हा लोकांनी त्याचे बिल्ले बघितले. मी बघितला ट्रंकेतला बिस्किटाचा डबा. आत पांढरी बुरशी धरलेला वाळका पेंढा. ते बियाणं. तिकडच्या एका म्हातारीनं त्याला भाताच्या पेंढ्यावर अळंबी पिकवायला शिकवलं होतं. कुत्र्याच्या छत्र्या पिकवायला पलटणीत गेलतास का रं, असं पारावर मीच विचारलं. गाव हसलं. पण उन्हाळ्यात पाचगणीच्या हॉटेलातला खानसामा पाटी न्यायला येऊ लागला, तसं हसू बंद झालं.

त्याचं सगळं कसब सफाईत. पेंढा आधी चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, मग वरून उकळतं पाणी. अळंबीच्या खोलीत भिंतींना चुना, भुईला फिनेल, वर कोरडा चुना भुरभुरायचा. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे. दारात चुन्याच्या पाण्याची परात. तीत पाय बुडवल्याशिवाय त्यानं बापालाही आत सोडलं नाही. मला हे सगळं ढोंग वाटायचं. पलटणीचा तोरा.

मग मी त्याच्याकडूनच मूठभर बियाणं मागून गोठ्याशेजारी छप्पर घातलं. त्यानं हसत दिलं, तेही मला खुपलं. सफाईत मी काय कमी? भुई, भिंती ताज्या शेणानं सारवल्या, गोमूत्र शिंपडलं, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं. देवघर वाटावं असं छप्पर. आठ-दहा दिवसांत उगवलं खरं, पण काडीसारखं बारीक, आणि दुपारपर्यंत काळी शाई होऊन गळून गेलं. केरबा बघायला आला. दारातूनच म्हणाला, "शेण देवाला चालतं गड्या, अळंबीला न्हाई."

माझी बायको हसली. ते हसणं फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तो बाजाराला गेलेला बघून मी गोठ्यातून उठलो तो तसाच त्याच्या खोलीत शिरलो. परात ओलांडली. पाय शेणानं भरलेले. पेंढ्याच्या थरांवर टपोऱ्या गुंड्या धरलेल्या, एकेक सुपारीएवढी... मी थरांमधनं फिरलो, हात लावून बघितला. म्हटलं, बघू तर याची परात काय करते. आठवड्यात त्याच्या थरांवरही माझ्यासारखीच काळी शाई. खानसामा रिकामी पाटी घेऊन परतला, त्या हंगामात फिरकला नाही. केरबानं सगळा पेंढा जाळला, खोली परत चुन्यानं धुतली आणि मदतीला बोलावलं ते मलाच. मी गेलो. परातीत पाय बुडवले आणि त्याच्याबरोबर भिंतींना चुना लावला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला परत पीक आलं. मला कधीच आलं नाही. गोरे साहेब गेले, अळंबीला गिऱ्हाईक राहिलं नाही, त्या खोलीत मग त्याची बाज आली.

तेराव्याला गेलो, तर त्याची बायको सोनावहिनी पंगत उठल्यावर जवळ आली. म्हणाली, "भावजी, त्यांनी तवाच वळखलं हुतं. भुईच्या चुन्यात शेणाची पावलं उठली हुती. डाव्या पायाला करंगळी नसलेला गावात एकटं तुमीच."

मग बोलला का नाही, असं मी विचारलं. माझा आवाज चढला असणार.

"म्हनायचे, त्यो सोता सांगंल. आपून न्हाई इचारायचं."

म्हणजे एवढी वर्षं हा वाट बघत राहिला, आणि मी समजत होतो की एक तरी गोष्ट माझ्याकडं आहे जी केरबाला ठाऊक नाही. तीही त्याच्याकडंच होती. आणि वर थोरपण... तेही त्यानंच नेलं. सोसायला लय जड गेलं मला.

वहिनी पाणी आणायला गेली, तसा मी त्या खोलीत गेलो. बाज भिंतीला उभी केली होती. फिनेलचा वास अजून होता. मी त्याला सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, कारण शेवटी शेवटी त्याला ऐकू कमी यायचं.