सोळा पानी दुरुस्ती

डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांची मालिका नेमकी कितव्या पुस्तकात बिघडते, हे छातीठोकपणे सांगू शकणारा माणूस भूतलावर एकच आहे आणि तो गडचिरोलीत आमच्या शेजारी राहतो. आम्ही त्यांना बाइंडिंगवाले चाचा म्हणतो. कचेऱ्यांची रजिस्टरं शिवणं हा त्यांचा धंदा आणि एकाच डिटेक्टिव्हची शंभरेक पुस्तकं हे व्यसन. त्याचं नाव ते घेत नाहीत, 'आपला माणूस' म्हणतात. गिऱ्हाईक रजिस्टर न्यायला आलं की खळीचा ब्रश हातात धरून त्यालाच सुनावणार, "पहिल्या दहा पुस्तकांत आपला माणूस मार खाऊन राह्यला होता, भाऊ. भाड्याची खोली, कोणावर भरोसा नाई. विसाव्यात गाडी आली, तिसाव्यात सेक्रेटरीण. चाळिसाव्यात त विमानानं फिरून राह्यला. ज्याले मारच लागत नाई, त्याची फिकीर कोण करन?" एकदा या नादात एका साहेबांच्या आवक-जावक रजिस्टरात मधोमध सोळा पानी खून शिवला गेला. साहेबांनी तक्रार केली नाही, पुढचा भाग मागवला.

चाचींची नजर गेली तेव्हापासून चाचा त्यांना रोज दुपारी मोठ्यानं वाचून दाखवत. त्या तासासाठी चाची दिवस काढत. पण साठाव्या पुस्तकापासून त्यांना डुलक्या लागू लागल्या. मूळ लेखक वारला होता म्हणे, आणि त्याच्या नावावर भलतंच कोणी लिहीत होतं. चाचांचा जीव टांगणीला लागला. ही दुपारही गेली तर चाचींकडे उरत काय होतं? मग या गृहस्थानं नवी पुस्तकं उसवली आणि जुन्या पुस्तकांचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे जुडगे, मध्ये शिवून टाकले. विमानातून ऐटीत उतरलेला डिटेक्टिव्ह पान उलटताच भाड्याच्या खोलीत मार खाऊ लागला. गोष्टीची पार खिचडी झाली, पण चाची पुन्हा ताठ बसून ऐकू लागल्या.

चाची मागल्या वर्षी गेल्या. मध्यंतरी एकदा मी विचारलं, "चाचा, त्यांना कधी कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं. म्हणे, हे त मी आयकलं हाये. पण तुम्ही आज खुशीत वाचून राह्यले, वाचा." मग ते म्हणाले, "मले मनातल्या मनात वाचता येत नाई, भाऊ. मोठ्यानं वाचलं त लोक म्हणतात, एकटेच कोणासंग बोलून राह्यले."

ऐकून मला फार वाईट वाटलं. हल्ली दुपारी मी जाऊन बसतो. रहस्यकथांत मला काडीचा रस नाही आणि चाचांनाही ते पक्कं ठाऊक आहे. तरी प्रकरण संपलं की ते चष्म्यावरून बघत विचारतात, "आखीन वाचू का?"

मी हो म्हणतो.