नाव घ्यायचं राहिलं

माझ्या सासूबाई म्हणजे आमच्या हेब्बाळच्या सोसायटीतल्या उखाण्यांच्या ठेकेदार. संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलं, की पुण्या-नागपूरहून आयटीत आलेल्या मुली दारात हजर. "आक्का, नवऱ्याचं नाव गुंफून एक द्या ना, छोटासा." आक्का भाजी निवडता निवडता देतात. त्यांच्या उखाण्यांत प्रत्येकीचा नवरा सूर्य नाहीतर हिमालय, आणि स्वतःचा तर दोन्ही. प्रत्यक्षात माझे सासरे पाल दिसली की खुर्चीवर चढतात.

यंदा मात्र सासूबाईंनी संप पुकारला. "जन्मभर ह्यांचं नाव घेतलं. ह्यांनी माझं एकदा तरी घेतलंय? 'अगं', 'ऐकलंस का', नाहीतर नुसतं खाकरणं. यंदा पुरुषांनी घ्यायचं. ह्यांनी नाही घेतलं, तर मीही ह्यांचं पुन्हा घेणार नाही. सरी?" घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. आमच्याकडे भांडण मराठीत होतं आणि शिक्कामोर्तब कन्नडमध्ये.

सासऱ्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दाढी करताना आरशाशी पुटपुटायचे आणि माझी चाहूल लागली की नळ सोडायचे. दया येऊन मी मोबाइलवर एक उखाणा शोधून दिला. त्यात चंद्र होता, गुलाब होता. "हे तिला खरं वाटणार नाही," म्हणाले आणि फोन परत केला.

हळदीकुंकवाला नवरेमंडळी क्लबहाउसात एका कोपऱ्यात गोळा झाली. पहिल्याने माइक घेतला: "डब्यात पोळी, बाटलीत पाणी, अमुक माझ्या घरची राणी." टाळ्या पडल्या. राणी डबा भरते, याचं कुणाला काही नाही. दुसऱ्याच्या उखाण्यात थालीपीठ, तिसऱ्याच्यात मुलांचा अभ्यास. माझं डोकंच फिरलं. बायका नवऱ्याला आभाळात नेऊन बसवतात आणि हे बायकोला ओट्यापाशी उभं करतात. आपल्याकडे बाईची किंमत काय, हे कळायला जाडी पुस्तकं कशाला हवीत, दोन ओळी पुरतात.

मग सासरे उठले. माइक उलटा धरला, तो मी सरळ करून दिला.

"हेब्बाळच्या तळ्यावर बगळ्यांची रांग," ते म्हणाले आणि थांबले. मग एक नाव घेऊन पुढची ओळ म्हटली, "आता तरी ओ देशील का, सांग."

नाव भलतंच होतं. "ही कोण आता?" शेजारीण माझ्या कानात कुजबुजली. मला काय कपाळ ठाऊक? सासूबाईंकडे पाहिलं, तर त्यांच्या हातातला तिळगुळाचा डबा तिरका झाला होता आणि लाडू खाली घरंगळत होते.

"हे हिचं माहेरचं नाव," सासरे माइकमध्येच म्हणाले. "लग्नात आमच्या आत्याने ते बदललं. ताटातल्या तांदळांत मला नवं लिहायला लावलं. हिला विचारलं नाही, मलाही नाही. नव्या नावाला ही ओ देईना आणि जुनं घ्यायला घरात बंदी. मग मी कुठलंच घेतलं नाही."

सासूबाई खाली बसून लाडू वेचत राहिल्या, खूप वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी बाल्कनीतून त्याच नावाने कॉफी मागितली. सासूबाई ओट्यापाशी उभ्या. सासऱ्यांनी पुन्हा हाक मारली, तरी ह्या ढिम्म.

मी म्हटलं, "आई, बाबा बोलावताहेत."

"ऐकू येतंय गं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "स्वल्प थांब. अजून एकदा म्हणू दे."