ऐकू न आलेली शीळ

गाडी गॅरेजच्या फाटकातून आत येईपर्यंत तिचं दुखणं सांगून टाकायचे, म्हणून मिस्त्रींना सगळे ‘कानवाले’ म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी इंजिनाची नाडी कानानंच पाहिली. हातभर रबरी नळीचं एक टोक कानात धरायचं, दुसरं इंजिनाभोवती फिरवायचं. कुठं चिरेतून हवा खेचली जात असेल, तिथं बारीक शीळ वाजते. ती शीळ हाच त्यांचा मान होता.

शाळेच्या मुलांची जुनी व्हॅन तिसऱ्यांदा आली. उभी राहिली की इंजिन वरखाली व्हायचं, चौकात बंद पडायचं.

"मिस्त्री, अजून तेच," ड्रायव्हर म्हणाला. "पोरं म्हणतात, काका, हिला उचकी लागलीय. पाणी पाजा."

प्लग बदलून झाले होते, कार्बोरेटर दोनदा धुतला होता. मागच्या खेपेला तर मिस्त्रींनी स्क्रू पिळून नुसती रेस वाढवून दिली होती. रोग झाकला, बरा केला नाही, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

ड्रायव्हर चहाला गेला. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून नळी फिरवली. घरघर ऐकू आली. शीळ नाही. पुन्हा फिरवली. नाहीच.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली.

"अहो, काय वाजतंय ते बारीक?"

"कुठं?"

"हे काय, तुमच्या हाताशीच!"

"काहीतरीच. तुला काय कळतंय इंजिनातलं?"

"कळत नाही हो. पण ऐकू तर येतंय."

तिनं दाखवलं तिथं त्यांनी बोट नेलं. हवेच्या पाइपाला खालच्या अंगानं केसाएवढी चीर होती. बोटाची कातडी आत ओढली गेली आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. मिस्त्री तसेच वाकून राहिले. हल्ली घरात दोनदा हाक का मारावी लागते, ते बायकोला तेव्हा उमगलं. तिनं पदर तोंडाला लावला.

नवा पाइप बसला. ड्रायव्हर परत येऊन खूश झाला. "वा! कान असावा तर असा!"

"कान हिचा होता," मिस्त्री म्हणाले.

"बायकोपुढं सगळेच बहिरे, मिस्त्री!" म्हणत तो हसत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एक टेम्पोवाला आला. "बघा तरी, काय म्हणतेय ही."

"ब्रेक असतील तर सांग, टायर असेल तर सांग. इंजिनाचं आता मी बघत नाही."

टेम्पोवाल्याला थट्टा वाटली. तो बॉनेट उघडायला लागला. मिस्त्रींनी बॉनेटवर तळहात ठेवला, आणि काढला नाही.